खुंटाचा फुटवा

मोसंबीची रोपं न्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायची, "खुंट कोणता पाहिजे?" बहुतेक जण गोंधळून म्हणायचे, "खुंट न्हाई पाहिजे मॅडम, मोसंबी पाहिजे." मग रोप हातात घेऊन दाखवावं लागायचं. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक गाठ असते. गाठीच्या वर मोसंबी. गाठीच्या खाली वेगळंच झाड, कुठल्यातरी आंबट, जाड सालीच्या लिंबाचं. त्या खालच्या झाडाला खुंट म्हणतात. मुळं त्याची आणि फळ दुसऱ्याचं. लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की लिंबाचा शेंडा छाटून टाकायचा. याला आम्ही डोळा भरणं म्हणतो. आमच्या जालना जिल्ह्यातल्या बागा अशाच उभ्या आहेत. फळ गोड निघालं की लोक मोसंबीचं नाव घेतात, जमिनीखाली कोण राबतंय हे कुणी विचारत नाही.

एका सरकारी फळरोपवाटिकेची मी पुष्कळ वर्षं प्रमुख होते. खरं सांगायचं तर जमिनीखालच्याची चौकशी मीही फार उशिरा केली.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. घरातली म्हणजे आईकडची, वडलांकडची, सगळी धरून. परभणीला राहून शेतीची पदवी घेतली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. आणि पुढे जी चूक सांगणार आहे ती त्या अभिमानातूनच झाली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जालन्याबाहेर एका बागायतदाराच्या रोपवाटिकेत डोळे भरायचे. हात एवढा हलका की त्यांनी भरलेला डोळा सहसा वाया जायचा नाही. मुलगी त्याच कामाची साहेब झाली म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

साहेब झाले खरी, पण ते लोकांना पटायला वेळ लागला. रुजू झाले त्या आठवड्यात एक शेतकरी टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सायेब कुठं हायेत?"

"मीच."

"न्हाई, रोपांचे सायेब."

"रोपांची पण मीच."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग बसतो जरा. येतीलच."

तासभर बसला. मी रजिस्टर लिहीत होते, माणसं येऊन माझ्या सह्या घेत होती, हा ते बघत होता. शेवटी उठला. "द्या मंग तुम्हीच," म्हणाला. तोच माणूस पुढे दरवर्षी यायचा आणि सोबत आणलेल्या माणसाला सांगायचा, "दुसऱ्या कोणाला विचारू नको, मॅडमला विचार."

असं नाव मिळालं ते शिस्तीमुळे. मी गेले तेव्हा रोपवाटिकेत खुंटाच्या वाफ्यांची अवस्था सगळीकडे असते तशीच होती. बी कुठूनही यायचं. बांधावरचं ईडलिंबू, कुणाच्या परसातलं जंबेरी, लोणच्यासाठी आणलेलं गावठी लिंबू. शिवाय या लिंबांची एक गंमत असते. एका बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात. त्यातले बरेचसे आईची हुबेहूब नक्कल असतात, पण एखादा कोंब वेगळा निघतो. त्याचा बाप कोण, ते मधमाशीलाच माहीत. पुस्तक सांगतं की हा वेगळा कोंब ओळखून उपटून टाका, म्हणजे सगळी बाग एकसारखी वाढते. पुस्तक चूक सांगत नाही. मी एक पाऊल पुढे गेले. जंबेरीचं एकच जोमदार झाड निवडलं आणि सगळं बी त्याचंच घ्यायचं ठरवलं. त्यातूनही पान वेगळं दिसलेलं प्रत्येक रोप करीमभाई माझ्या देखत उपटायचे. करीमभाई आमचे डोळे भरणारे कारागीर, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. राहायला जुन्या जालन्यात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ते उपटत जायचे आणि पुटपुटायचे, "इसका क्या गुन्हा है मॅडम?" मी म्हणायची, "गुन्हा नाही, पण पुढे जाऊन त्रास देईल."

भिंतीवर ऑइलपेंटनं सूचना रंगवून घेतली होती: खुंटाचा फुटवा दिसताच मोडावा. कारण गाठीखालून लिंबाची फांदी फुटली की ती वरच्या मोसंबीचा घास खाते. दोन वर्षं दुर्लक्ष केलं तर मोसंबी वाळते आणि शेतकऱ्याच्या हाती काटेरी लिंबू राहतं. ही सूचना मी किती जणांकडून पाठ करून घेतली असेल, सांगता येत नाही.

एकदा आबा रोपवाटिका बघायला आले. वाफ्याच्या कडेला उपटलेल्या रोपांचा ढीग होता.

"ही मेली का काय?"

"नाही आबा. वेगळी निघाली."

"वेगळी निघाली म्हणून फेकली?"

"सगळी सारखी पाहिजेत."

"आम्ही तर समद्यांवर डोळे भरायचो," आबा म्हणाले. "रोप फेकायला जीव होत न्हवता."

आबांना पुढचं सगळं कळलं होतं, असं इथे कुणी समजू नये. जुन्या बागांत जमिनीखाली जी विविधता होती ती कुणी विचार करून ठेवलेली नव्हती. काटकसरीतून आणि थोड्या आळसातून ती आली होती. आबांनाही वरची मोसंबी एकसारखी दिसली की समाधान वाटायचं.

आणि गिऱ्हाइकांनाही तेच हवं होतं. आष्टीचे एक गुरुजी तर शिंप्याची टेप घेऊन आले होते. चारशे रोपं, सगळी एका उंचीची. बोटभर कमी भरलं की बाजूला. मी चिडले नाही. उलट करीमभाईंना म्हटलं, "बघा, याला म्हणतात गिऱ्हाईक."

त्याच सुमारास खात्यानं आम्हाला दक्षिणेत चहाचे मळे दाखवायला नेलं. मी त्याआधी चहा फक्त पातेल्यात पाहिला होता. एका उतारावर फार जुना मळा होता, बियांपासून लावलेला. चहाच्या झुडपाला बी धरायला सहसा दुसऱ्या झुडपाचा पराग लागतो, त्यामुळे बियांपासून आलेलं प्रत्येक झुडूप वेगळं. एकाचं पान रुंद, शेजारच्याचं अरुंद, एकाला आज पालवी तर दुसऱ्याला पुढच्या आठवड्यात. समोरचा उतार नवा होता. एका निवडक झुडपाच्या काड्या लावून वाढवलेला, म्हणजे एकाच झुडपाच्या हजारो नकला. गालिचा अंथरल्यासारखा दिसत होता. मी फोटो काढले ते त्या उताराचे. जवळ गेल्यावर दिसलं की गालिच्यावर रोग होता. पानांवर फोड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुन्या मळ्यातही फोड होते, पण एखाद्या झुडपावर होते आणि शेजारच्यावर नव्हते. तिथला पर्यवेक्षक मोडक्या हिंदीत म्हणाला, "जुन्याचं एकदम काहीच होत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही." परत आल्यावर अहवाल लिहिला. त्यात नव्या मळ्याचं उत्पन्न किती जास्त ते लिहिलं. फोडांचं लिहिलं नाही. मला ते औषध फवारणाऱ्या माणसाचं काम वाटलं.

आता केदारखेड्याकडे येते.

केदारखेड्यात सोजरबाईंची दोनशे झाडांची जुनी बाग होती, सासऱ्यांनी लावलेली. रोपं आबा काम करायचे त्याच रोपवाटिकेतली. नवरा जालन्याला कापडाच्या दुकानात कामाला, त्यामुळे शेत बाईच बघायच्या. तेव्हा पस्तिशीच्या असतील. त्यांनी बाग दाखवायला बोलावलं. मी फिरले. प्रत्येक झाडाची गाठ वेगळी. कुठे खालचा खुंट जाड आणि वरचं खोड बारीक, कुठे उलट. काही झाडं उंच, काही बसकी. बाग एकदम तोडीला येत नाही म्हणून व्यापारी कुरकुर करायचा. मी डायरीत लिहिलं, "खुंटात भेसळ," आणि सल्ला दिला की बाग काढा, आमची रोपं लावा.

"फळं तर देऊन राह्यलीत की," त्या म्हणाल्या.

"एकसारखी देत नाहीत."

दोन दिवस विचार करून त्या रोपवाटिकेत आल्या. "काढते," म्हणाल्या.

झाडं काढली ती विहिरीकडेची अकरा सोडून. विहिरीचं वरचं बांधकाम सुट्या दगडांचं होतं. मुळं उपसली असती तर सगळा काठ विहिरीत गेला असता. एवढ्यासाठीच ती राहिली. मी तरीही सांगून आले होते की काठ बांधून झाला की तीही काढा.

नवी बाग अशी आली की लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. मधे मोठा दुष्काळ झाला तेव्हा सोजरबाईंनी टँकरच्या पाण्यावर ती जगवली. एकदा बहराच्या वेळी मी पाहुणे घेऊन गेले आणि एखादी मुलगी दाखवावी तशी ती बाग दाखवली.

मग एक वर्ष असं आलं की पाऊस थांबेचना. काळ्या रानात पाणी साचून राहिलं. खोडांवर मधासारखा डिंक दिसायला लागला. या रोगाला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. ओल्या मातीतली बुरशी मुळाची साल खाते आणि झाड वरून पिवळं पडत जातं. मी खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायला सांगितली, चर खोदायला सांगितले. पण सगळ्या झाडांखाली एकाच आईचा खुंट होता. बुरशीनं एकाला खायची रीत शिकून घेतली आणि तीच सगळ्यांवर चालली. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बागेचं सरपण झालं. विहिरीकडेच्या अकरांपैकी चार गेली. सात उभी राहिली, हिरवी.

मी त्या वाळलेल्या रांगांत उभी होते. सोजरबाई आल्या. रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "लई झाक कवायत होती मॅडम तुमची. मरायला बी रांगेतच उभी राह्यली."

मी म्हटलं, "निचरा नव्हता मावशी. पाणी साचलं."

हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.  परतताना जीपमध्ये, राजूर मागे पडलं तेव्हा करीमभाई म्हणाले, "मॅडम, एक बात बोलू? पानी तो उन सात के नीचे भी था."



नंतर रोपवाटिकेत मी बदल केले. बियांसाठी एका मातृवृक्षाऐवजी तीन ठेवले, निचऱ्याशिवाय रोपं द्यायची नाहीत असा नियम केला. पण त्या सात झाडांकडे गेले नाही. कामं होती, बैठका होत्या, आणि खरं कारण विचाराल तर सोजरबाईंसमोर जायची लाज होती. अशीच निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला. सोजरबाईंचा मुलगा सुदाम. तो आता रेशमाचे किडे पाळायचा. किड्यांना खायला तुतीचा पाला लागतो, त्यासाठी त्याला तुती वाढवायची होती.

"मॅडम, तुतीचं बेणं कुठं चांगलं मिळंल?"

"किती जागा आहे?"

"विहिरीपाशी हाय ना. काठ आता सिमेंटनं बांधला. ती सात म्हातारी झाडं काढून राह्यलो, परवा जेसीबी येतो."

मी त्याला बेण्याचं सांगितलं, फोन ठेवला आणि तशीच करीमभाईंच्या दारात गेले. ती झाडं मुळासकट गेली असती तर खालचे सात खुंट कायमचे गेले असते. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती, बी कुठे नव्हतं, आणि वरच्या फांद्यांवरून डोळे काढून उपयोग नव्हता. वरून घेतलं तर मोसंबीच मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोकरदन बसनं आम्ही दोघं केदारखेड्याला गेलो. करीमभाईंनी करवत पोत्यात गुंडाळून घेतली होती. सुदाम विहिरीपाशीच भेटला. मी झाडं ठेव म्हटल्यावर त्यानं हात जोडले.

"मॅडम, तुमच्या सांगण्यावरून एकदा चांगली बाग काढली. आता तुमच्याच सांगण्यावरून झाडं ठेवू? एक काय ते ठरवा ना."

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, "ठेवू नको. कापून टाक. फक्त उपटू नको."

"म्हणजे?"

"गाठीच्या खालून करवतीनं कापायचं. चार बोटं बुंधा ठेवायचा. त्याला पाणी घालायचं. खालचा खुंट जिवंत आहे, तो फुटेल. ते फुटवे मला पाहिजेत."

सुदाम हसायला लागला. "मॅडम, तुमच्या भिंतीवर काय लिव्हलंय? लहानपणी बापासंगं आल्तो तवा वाचलंय मी. खुंटाचा फुटवा मोडा म्हणून. मी शाळेतून आलो की माय मला तेच काम लावायची."

"आता मीच सांगते, मोडू नको."

"आखाडात तुती लागणार. मधी बुंधे आले तर रांग मोडती."

"आषाढापर्यंत दे. पुढे तू आणि तुझा जेसीबी."

तो कुरकुरत होता, तेवढ्यात सोजरबाई आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांत जे बोलायचं होतं ते मी तिथेच उभ्यानं बोलले. म्हटलं, "मावशी, निचऱ्याचं मी सांगितलं ते अर्धंच होतं. मी तुमची जुनी बाग काढायला लावली ती माझी चूक होती. भेसळ म्हणून जे मी काढायला लावलं, त्यामुळेच ही सात जगली. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं."

 त्या म्हणाल्या, "चुकी तुमची, बराबर हाय. पर होकार माझा होता. दोन दिवस इचार करून दिल्ता. तुम्ही समदंच उचलून नेऊ नका, माझा होकार मला राहू द्या."

मग सुदामकडे वळल्या. "दे आखाडापर्यंत. पाणी मी घालीन."

करीमभाईंनी करवत काढली. पहिल्या झाडाला पातं लावून थांबले आणि मला म्हणाले, "जिंदगीभर उखाडने को बोले. अब काटने को बोल रहे. बचाने का काम कब देंगे?"

"हेच ते," मी म्हटलं. "कापा."

त्या उन्हाळ्यात मी दर आठ-दहा दिवसांनी बसनं जायची. सोजरबाई विहिरीचं पाणी कळशीनं घालायच्या, मोटार लावू द्यायच्या नाहीत. "मोटारीनं पाणी भलतीकडंच जातं," म्हणायच्या. सातांतले दोन बुंधे आतून कुजले. एकाला मुंग्यांनी घर केलं. पाच फुटले. आणि फुटवे वाढले तसं मला दिसलं की ही पाच झाडं पाच घरची आहेत. एकाची कोवळी पालवी जांभळट. एकाच्या पानाच्या देठाला रुंद पंख, ईडलिंबासारखा. एकाला बोटाएवढे काटे, तर एकाला काटाच नाही. पान चुरगाळून हुंगलं की प्रत्येकाचा वास वेगळा. ज्यांना मी भेसळ लिहिलं होतं ती ही मंडळी.

आषाढात सुदामनं शब्दाप्रमाणे बुंधे काढले. त्याआधी आम्ही फुटव्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात बांधून आणल्या. रोपवाटिकेत गेले. माझ्या जागी आलेला अधिकारी सज्जन मुलगा. त्यानं चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, वाफ्यावर नाव काय लिहू?" नाव नव्हतं. नाव नाही, नोंद नाही, म्हणजे सरकारी वाफ्यात जागा नाही. नियम मीच पाळत आले होते, त्याला काय बोलणार? काड्या घेऊन घरी आले.

आमच्या गच्चीवर करीमभाईंनी वाळूचे वाफे केले आणि वर प्लास्टिक ताणलं. काड्यांना मुळं फुटली त्या दिवशी ते माझ्यासाठी शिरखुर्मा घेऊन आले, ईद नसताना. मग चाचणी. ज्या रानात बाग मेली होती तिथली माती मला हवी होती, कारण त्या मातीत ती बुरशी होती. दोन गोण्या बसमध्ये चढवल्या तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, जालन्यातली माती संपली का?"

"चांगली संपली," मी म्हटलं. "रोगट पाहिजे."

त्यानं गोण्यांचं तिकीट फाडून हातात दिलं.

पाच प्रकारांना एक ते पाच नंबर देऊन त्यांची रोपं त्या मातीत कुंड्यांमध्ये लावली. सोबत तुलनेला नेहमीची जंबेरीची रोपं. पाणी मुद्दाम साचू दिलं. जंबेरी पिवळं पडून गेलं. पाचांतला चौथा असा उभा राहिला की त्याला काही झालंच नाही. पहिले तीन थोडे थकले आणि सावरले. पाचव्यानं अर्धी पानं टाकली. मी त्याच्यावर फुली मारणार होते. पण उन्हाळ्यात दुसऱ्या कुंड्यांचं पाणी तोडून बघितलं तेव्हा सगळ्यांत जास्त दिवस तग धरला तो पाचव्यानं, आणि चौथा सगळ्यांच्या आधी माना टाकून बसला. गच्चीवरच्या कुंड्यांचं हे सगळं आहे. याला मी संशोधन म्हणत नाही आणि कुणी याला शिफारस समजू नये. पण मला जे बघायचं होतं ते दिसलं.

सुदाम रेशमाचे कोष विकायला जालन्याला आला होता, तो गच्चीवर आला. डिंक्याच्या मातीत हिरवागार उभा असलेला चौथा बघून त्याचे डोळे चमकले.

"हाच. मॅडम, हाच करा. दोनशे करा याचीच, मी परत बाग लावतो."

करीमभाईही म्हणाले, "बराबर है. एकच जात, काम बी जल्दी."

खरं सांगते, माझ्याही तोंडात 'हो' आलं होतं. एवढ्या वर्षांची सवय. चांगला सापडला की त्याच्याच नकला करायच्या, पान वेगळं दिसलं की उपटायचं. चौथ्या नंबरची दोनशे रोपं, सगळी एका उंचीची. मला ती बाग दिसलीसुद्धा.

मी म्हटलं, "नाही. पाचही लावायचे. मिसळून."

"पाचवा तर पाण्यात बसला."

"पाणी नसताना चौथा बसला. तुझ्या रानात दोन्ही तऱ्हेची वर्षं येतात."

"मंग दोन रांगा याच्या, दोन रांगा त्याच्या. तेवढं तर करा."

"रांगा नाही. शेजाऱ्याला शेजारी वेगळा."

"बाग येडीवाकडी दिसंल. व्यापारी हसंल."

"हसू दे. तोडीला चार चकरा जास्त मारेल."

सुदाम चिडला. "तुम्ही मायला एक सांगितलं, मला उलटं सांगता. दरवेळी तुमचं खरं." आणि तरातरा जिना उतरून गेला. मी त्याला हाक मारली नाही. एकसारखी हवी असतील तर जिल्ह्यात रोपवाटिका पुष्कळ आहेत. माझ्या गच्चीवरून एकाच खुंटाची बाग जाणार नव्हती.

महिन्यानं फोन आला. पलीकडे सोजरबाई. "चाळीस करा. पाची घरचे. त्याला मी बघते."

पाची खुंटांवर मोसंबीचे डोळे करीमभाईंनी भरले. मीही आठ-दहा भरले. नजर आता साथ देत नाही. त्यातले निम्मे धरले, म्हणजे आबांच्या हिशेबी मी नापास.

लावणीच्या दिवशी सुदामनं खड्डे घेऊन ठेवले होते. तुतीच्या पलीकडे, थोड्या चढावर, निचऱ्याच्या जागी. रोपं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवली. प्रत्येकाला मी नंबराची पट्टी बांधली होती. सुदाम सवयीनं एका नंबरची रोपं एका रांगेत लावायला लागला. सोजरबाई आल्या आणि हाताला येईल ते रोप उचलून खड्ड्यापाशी ठेवत गेल्या. कुठला नंबर कुठे गेला ते मी मागून वहीत लिहीत होते. उंच रोपाशेजारी बुटकं, बुटक्याशेजारी वाकडं.

अर्धी लावून झाल्यावर सुदाम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, खरं सांगा. यातली मरतील कुठली?"

माझ्या हातात वही होती. शेतकऱ्यानं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. काहीतरी औषध, काहीतरी मात्रा, काहीतरी शब्द मी द्यायचीच. त्यासाठीच मी शिकले होते.

"माहीत नाही," मी म्हटलं.

 सुदामनं खाली वाकून पुढचं रोप उचललं, नंबर न बघता.

"मंग चालंल," म्हणाला. "धरा त्या बाजूनं."

मी वही बांधावर ठेवली आणि धरलं.